मतपेटी महाविद्यालयात आणा

पुण्यात १९२९ साली पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. दगड आणि शिव्या झेलत उभ्या राहिलेल्यांत एस. एम. जोशी होते. त्यांनी तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. पुढे नाशिकच्या तुरुंगातल्या चर्चांमधून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला आणि १९४१ मध्ये एसेम राष्ट्र सेवा दलाचे दलप्रमुख झाले. १९६७ मध्ये कुमार सप्तर्षी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी युवक क्रांती दल (युक्रांद) काढले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि दलितांची घरे जळू लागली. तेव्हा युक्रांदची मुले बहुसंख्येच्या रोषापुढे नामांतराच्या बाजूने उभी राहिली. विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

महाराष्ट्रात लोकशाही समाजवाद रुजला तो असा, विशी-पंचविशीतल्या पोरांच्या हातून. समता हवी, पण ती कोणाच्या मानगुटीवर बसून नको. माणसे पटवून, मते मिळवून आणि वेळ आली तर तुरुंगात जाऊन आणायची, हा त्यांचा बाणा होता. या विचारातला ‘समाजवाद’ पुस्तकातून कळतो. ‘लोकशाही’ मात्र करून पाहावी लागते. नेमकी तीच करून पाहण्याची जागा आपण विद्यार्थ्यांकडून काढून घेतली आहे.

१९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पैसा आणि दंडेली वाढली होती, हे खरेच. त्यावर उपाय म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या आणि वर्गात पहिला येणाऱ्याला प्रतिनिधी करून टाकले. त्या हुशार मुलांचा यात काहीच दोष नाही. पण गुण मिळवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळवणे वेगळे. परीक्षेत नापास झालेला, शिष्यवृत्ती रखडलेला, रात्रपाळी करून सकाळच्या तासाला पेंगणारा मुलगा आपले मत कुणाला देणार?

२०१६ च्या कायद्याने ही चूक दुरुस्त करून खुल्या निवडणुका पुन्हा मान्य केल्या. २०१९ मध्ये त्या घ्यायचे ठरले. विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे असे सांगून त्या पुढे ढकलल्या. मग महासाथ आली आणि त्या राहूनच गेल्या. अठराव्या वर्षी आमदार-खासदार निवडणाऱ्या तरुणाला आपल्या वसतिगृहाच्या खाणावळीबद्दल बोलणारा प्रतिनिधी निवडता येऊ नये, याचे कोणतेही समर्थन मला पटत नाही.

याचा पोटापाण्याशी काय संबंध, असे वाटेल. थेट संबंध आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. लोकशाही समाजवादाला शोभेल असाच हा निर्णय आहे. पण प्रवेशाच्या खिडकीपाशी ‘आधी पैसे भरा, परतावा नंतर पाहू’ असे कोणी म्हणाले, तर गावाकडून एकटी आलेली मुलगी कुणाकडे जाईल? प्राचार्यांच्या दालनात हक्काने शिरून शासन निर्णयाचा कागद टेबलावर ठेवणारा, निवडून आलेला माणूस आवारात हवा. तो नसला की उरतो अर्ज, विनवणी, फार तर एखादा मोर्चा. मोर्चा पांगला की कारकून तोच आणि खिडकीही तीच.

दंडेलीची भीती आजही दाखवली जाते. तिच्यासाठी विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच त्या लागू करायला सांगितल्या आहेत. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील भित्तिपत्रके बंद, पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची. एवढे काटेकोरपणे पाळले तरी दंडेलीला बराच लगाम बसेल.

मला खरे बोलायचे आहे ते समाजवादी विचाराच्या विद्यार्थी संघटनांशी. निवडणुका झाल्या तर पैसेवाल्या पक्षांच्या शाखाच जिंकतील, आपली चार मुले आपटतील, अशी धास्ती त्यांच्यातही आहे. म्हणून ही मागणी त्यांच्या पत्रकात तळाशी जाते. शिबिरे, परिसंवाद, जयंत्या आधी येतात. मित्रांनो, हे बरोबर नाही. हरण्याच्या भीतीने जो मतपेटी मागत नाही, त्याने लोकशाही समाजवादाचे नाव कशाला घ्यावे? प्रचारासाठी वर्गावर्गांत जाल तेव्हाच कळेल की कुणाचा एस.टी.चा पास संपला आहे आणि कोण दुपारचे जेवण टाळतो आहे. ते ऐकलेत तर पहिली निवडणूक हरूनही तुमच्या हाती कामाची यादी राहील.

घटनेच्या उद्देशिकेतला ‘समाजवादी’ हा शब्द काढून टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळली. तो शब्द टिकला, याचा आनंद आपण सर्वांनी केला. आता कुलगुरूंच्या आणि शिक्षणमंत्र्यांच्या दारात एकाच मागणीसाठी बसा: २०१६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात मतदानाची तारीख जाहीर करा. ती तारीख मिळेपर्यंत उठू नका.