काठी कुणाची?

2024 साली सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं. ठीक. पण येसकर महाराच्या काठीचं काय? भीमेकाठच्या गावागावांत ती रातभर वेशीत उभी. वार अडवायची, चोराचं डोकंही फोडायची. राखण दुसऱ्याच्या कणगीची, आम्हाला शिळी भाकर!

याच भीमेकाठी, वर कोरेगावात, 1818 ला महार लढले. 1892 ला इंग्रजांनी त्यांचीच भरती बंद केली. हत्यार चालतं, हात बाटतो!

1958 च्या कायद्यानं वतन मोडलं. 1980 ला उजनी धरण पुरं झालं. वेशी पाण्यात गेल्या. मायला, मग गावकूस कोरडं कसं राहिलं?

गोदीत पोत्यात हूक मारताना हेच डोक्यात घुमतं. काठी आमचीच. आता पहारा आमच्या वस्तीवर.