एमआयटी की एजीपीएल? कोड दुसऱ्यानं विकायला काढला की परवान्याचा प्रश्न येतो

सर्व्हरवर काम करणाऱ्यांना रेडिस आणि इलॅस्टिकसर्च माहीत असतात. दोन्ही मोकळ्या परवान्यावर वाढली. क्लाउड कंपन्यांनी तीच सेवा म्हणून विकायला घेतली, तेव्हा इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये परवाना आवळला. लगेच ओपनसर्च आणि व्हॅल्की हे फाटे फुटले. मग ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकने आणि मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला. एवढं फिरून गाडी एजीपीएलवरच का आली?

माझं उदाहरण छोटं आहे. संगमनेर भागातल्या दूध संकलन केंद्रांसाठी मी एक प्रोग्राम लिहिला. फॅट आणि एसएनएफवरून दर काढायचा, दहा दिवसांचं बिल मराठीत छापायचं. परवाना एमआयटी. एका कंपनीने तो स्वतःच्या नावाने केंद्रांना महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. मूळ कॉपीराइटची सूचना सोबत ठेवली की एमआयटीत हे चालतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण दरपत्रक बदललं की 'अर्जंट आहे, आजच करून द्या' असा मेल मला! आणि त्यांनी केलेले बदल कुणालाच दिसत नाहीत. शेतकऱ्याला दर कमी का लागला, हे केंद्रचालकाला दुसऱ्या कुणाकडून तपासूनही घेता येत नाही.

'व्यावसायिक वापराला बंदी' घालावी, असं पहिल्यांदा मनात येतं. पण अशी बंदी घातली की तो ओपन सोर्स राहत नाही, आणि मुळात संकलन केंद्र हाच एक धंदा आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिलं तेच बाहेर.

जीपीएलची अट प्रोग्रामची प्रत दुसऱ्याला दिली तरच लागते. कंपनी तो आपल्या सर्व्हरवर चालवून ब्राउझरमधून वापरायला देत असेल, तर प्रत कुणाला दिलीच नाही. एजीपीएलचं १३ वं कलम नेमकं इथे आहे: बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरायला दिला, तर वापरणाऱ्याला त्याचा सोर्स कोडही मिळाला पाहिजे. मुंबईच्या फ्रॅपेकडे बघा. फ्रेमवर्क एमआयटी, ईआरपीनेक्स्ट जीपीएल, नंतरचे सीआरएम आणि हेल्पडेस्क एजीपीएल. पाया सैल, तयार माल घट्ट, असं मी ते वाचतो.

एजीपीएल विकायला मनाई करत नाही, हे लक्षात ठेवा. ज्यांना बदल उघड करायचे नाहीत, त्यांना वेगळा, पैसे देऊन घ्यायचा परवाना देता येतो. मात्र त्यासाठी कोडवर तुमचा हक्क हवा. यापुढे जे कोड पाठवतील त्यांची लेखी संमती आधीच घ्यावी लागते. माझ्या प्रोग्राममध्ये आधी दोघांनी पाठवलेला कोड एमआयटीखालीच आहे, त्यामुळे त्यांची सूचना ठेवून तो नव्या आवृत्तीत घेता येतो. जुन्या प्रतींवरचा एमआयटी मात्र मागे घेता येत नाही.

कंपनीला मी तसं कळवलंय. जुनी आवृत्ती त्यांनी खुशाल चालवावी. दरपत्रकाची पुढची दुरुस्ती एजीपीएलच्या आवृत्तीत येईल, आणि वेगळ्या परवान्याचा दर त्याच मेलमध्ये दिलाय.