बेनकाकांची उधारी

सुपरहिरोचा सिनेमा बघायला जाताना एक पथ्य जरूर पाळावं. कॉमिक्स वाचलेल्या मित्राच्या शेजारची सीट घेऊ नये! पडद्यावर इमारती कोसळत असतात, अख्खं थिएटर शिट्ट्या मारत असतं आणि हा पठ्ठ्या आपल्या कानाशी कुजबुजत असतो, 'ओरिजिनलमध्ये असं नाहीये!' इंटरव्हलमध्ये समोसा खाताना तेच. परत येताना बाइकवर मागे बसूनही तेच. 'वाट लावली यार गोष्टीची!'

असा एक नमुना आमच्याही ग्रुपमध्ये आहे. बरं, तो खोटं बोलतो असंही नाही. सिनेमावाले बदल करतातच, आणि भरपूर करतात. माझा प्रवास मात्र त्याच्या अगदी उलटा. मी आधी सिनेमे पाहिले, तेही टीव्हीवर, हिंदीत डब केलेले. कॉमिक्स हातात आली ती कॉलेजात गेल्यावर. त्यामुळे मला धक्का बसला तो पुस्तक वाचताना! अरेच्चा, हे असं होतं होय? मग सवयच लागली. प्रत्येक बदल दिसला की विचारायचं, हा केला कशासाठी? आणि त्यात कोणाचं काय गेलं?

या खेळासाठी स्पायडरमॅनइतका सोयीचा हिरो दुसरा नाही. २००२ पासून टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड आणि टॉम हॉलंड अशा तिघांनी तो पडद्यावर केला. गोष्ट एकच, तीन वेळा नव्याने मांडलेली. आणि ती गोष्ट मुळात आहे उधारीची. अंगात ताकद आली, पण एकदा, फक्त एकदा, ती वापरायचा कंटाळा केला आणि त्याची किंमत घरच्या माणसाने मोजली. बेनकाका गेले. आता आयुष्यभर फेडत बसा!

ही उधारी नेमकी किती, ते बघायला थेट १९६२ मध्ये जाऊ. 'अमेझिंग फँटसी'चा पंधरावा अंक. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. गोष्ट जेमतेम अकरा पानांची. शाळेत कुणी हिंग लावूनही न विचारणारा पीटर पार्कर, किरणोत्सर्गी कोळ्याचा चावा, टीव्हीवर मिळालेली प्रसिद्धी... आणि मग तो चोर. चोर समोरून पळत येतो. मागून पोलिस अडवायला सांगतो. पीटर ढिम्म हलत नाही. कारण? काहीच नाही! ज्याला लुटलं त्याच्याशी पीटरचं भांडण नाही, वैर नाही. 'माझं काय जातंय?' एवढा एकच भाव. डोक्यात हवा गेलेला पोरगा, बस्स. पुढे तोच चोर बेनकाकांचा जीव घेतो.

एक गंमत सांगू? ताकद आणि जबाबदारीचं ते जगप्रसिद्ध वाक्य या गोष्टीत बेनकाका बोलतच नाहीत. ते शेवटच्या चौकटीत निवेदकाच्या तोंडी आहे. काकांच्या तोंडी ते पुढच्या रूपांनी घातलं आणि २००२ च्या सिनेमाने ते घरोघर पोचवलं. म्हणजे ज्याला आपण अगदी 'ओरिजिनल' समजतो, तेसुद्धा बदललेलंच! आमच्या मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याने पाणीपुरीची प्लेट खाली ठेवली.

आता २००२ चा सिनेमा. दिग्दर्शक सॅम रायमी. इथे पीटर कुस्ती खेळतो, बक्षीस तीन हजार डॉलरचं. जिंकल्यावर आयोजक हातावर टेकवतो शंभर! तेवढ्यात चोर येतो आणि त्याच आयोजकाला लुटून पळतो. पीटर बाजूला होतो. आणि आपण सीटवर बसून काय म्हणतो? 'बरं झालं, जिरली!' बघा, बदल केवढासा. पण पीटरला आता कारण मिळालं. त्याचा गुन्हा थोडा हलका झाला. अर्थात रायमी हुशार. पीटरच्या खात्यातून जे कमी केलं, ते त्याने आपल्या खात्यात टाकलं. टाळ्या आपणही वाजवल्या होत्या ना? मग काकांच्या बातमीनंतर आपल्याही पोटात गोळा येतो. असा बदल मला चालतो. नव्हे, आवडतो.

'स्पायडरमॅन २' (२००४) मध्ये तर त्याने वरकडी केली. पीटर मे काकूंसमोर बसतो आणि त्या रात्री काय झालं ते कबूल करतो. काकू काही न बोलता उठून आत जातात. १९६२ च्या अकरा पानांत हे नाही. तिथे वाचकाला सगळं कळतं, काकूंना नाही. या सिनेमाने उधारीची वही थेट घरच्या माणसासमोर उघडली.

आणि मग २००७ चा 'स्पायडरमॅन ३'. इथे एकदम कळतं की गोळी त्या चोराने झाडलीच नव्हती. झाडली होती फ्लिंट मार्कोने, म्हणजे सँडमॅनने, आणि तीही चुकून! १९६३ मध्ये कॉमिक्समध्ये आलेल्या सँडमॅनचा बेनकाकांच्या मृत्यूशी काडीचाही संबंध नव्हता. व्हिलनची ओळख हिरोच्या जखमेशी जोडली की पटकथेला बरी गाठ बसते, हे खरं. पण पीटरच्या खात्यावर केवढी सूट! ज्याला सोडलं तो निव्वळ जोडीदार निघाला, गोळी अपघाताने सुटली. मग पीटर रात्री तळमळतो कशासाठी? उधारीच पातळ झाली की राव!

दुसरा बदल पैशांचा आहे, आणि तो मला जास्त लागतो. कारण पीटर पार्कर आमच्याच जातकुळीतला, फ्रीलान्सर! कॉमिक्समध्ये तो स्वतःचेच फोटो काढून 'डेली ब्यूगल'ला विकतो आणि संपादक जे. जोना जेमसन त्याच्याच विरोधात मथळे छापतो. १९६३ च्या 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या पहिल्याच अंकात त्याला मानधनाचा चेक मिळतो तो 'स्पायडरमॅन' या नावाने. बँक वटवायला नकार देते. ओळखपत्र दाखवणार कुठलं? 'तुमचा चेक प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य महिनोन्महिने ऐकलेल्या कुठल्याही फ्रीलान्सरने हे पान फ्रेम करून लावावं! कोळ्याचं जाळं तो स्वतः घरी बनवतो, मनगटावरची यंत्रंही त्याचीच. ऐन मारामारीत जाळ्याचा रस संपतो. जगाला वाचवायचंय आणि रिफिल नाही!

रायमीने ही यंत्रं काढून टाकली. जाळं थेट मनगटातून. पटण्यासारखं कारण आहे, शाळकरी पोराने स्वयंपाकघरात असली भन्नाट रसायनं बनवली हे पडद्यावर खरं वाटायला अवघडच. शिवाय त्याने पीटरची गरिबी शाबूत ठेवली. पिझ्झा पोचवणारा, भाडं थकलेला पीटर आठवतोय ना?

टॉम हॉलंडच्या पीटरला मात्र सूट आणून दिला तो टोनी स्टार्कने. साक्षात अब्जाधीश गॉडफादर! फ्रीलान्सरचा इंटर्न झाला. हे कुणाच्या डोक्यातून आलं असं विचाराल, तर याला कागदपत्रंही कारण आहेत. स्पायडरमॅनच्या सिनेमांचे हक्क सोनीकडे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हल यांचा करार जाहीर झाला आणि पीटर आयर्न मॅनच्या जगात दाखल झाला. मग त्या जगाशी त्याची नाळ जोडायची तर आधीच लोकप्रिय असलेल्या माणसाचा हात त्याच्या खांद्यावर हवा. सिनेमातला बदल पुष्कळदा लेखकाच्या टेबलावर होत नाही, वकिलाच्या टेबलावर होतो. पण त्यात बेनकाका मागे पडले, त्यांची जागा स्टार्कने घेतली. आता उधारी होती, पण ती सावकाराची. घरची नव्हे.

तिसरं नाव ग्वेन स्टेसी. १९७३ चा एकशे एकविसावा अंक. लेखक गेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळं टाकून तिला झेलतो. वाचवली! पण तिच्या मानेपाशी इवल्याशा अक्षरांत एक आवाज छापलेला आहे, मान मोडल्याचा. हिरोने झेललं आणि त्या झेलण्यातच ती गेली, असं सुचवणारा तो आवाज. त्या काळच्या वाचकांवर काय गुदरलं असेल!

२००२ च्या सिनेमात पुलाचा तोच प्रसंग आहे. पण तिथे ग्वेन नाही, मेरी जेन आहे. आणि एका हातात ती, दुसऱ्या हातात मुलांनी भरलेली केबलकार. गॉब्लिन म्हणतो, एक निवड. पीटर दोघांनाही वाचवतो. टाळ्या! उधारी माफ! २०१४ च्या 'द अमेझिंग स्पायडरमॅन २' मध्ये मात्र ग्वेन खरंच जाते, पुलाऐवजी घड्याळाच्या मनोऱ्यात. आणि एक बदल फार चांगला केलाय. कॉमिक्समधली ग्वेन त्या वेळी बेशुद्ध होती. पीटर हाच स्पायडरमॅन, हे तिला ठाऊकही नव्हतं. एमा स्टोनच्या ग्वेनला सगळं माहीत असतं, आणि तो नको म्हणत असताना ती तिथे येते, स्वतःच्या मर्जीने. मरण तेच, पण या वेळी ती नुसती हिरोला रडवण्यापुरती नाही. तिला तिची स्वतःची गोष्ट मिळाली. हा बदल कोणाचं काही हिरावून घेत नाही, उलट देतो.

आता आमचा मित्र म्हणणार, 'तरी शेवटी कॉमिक्स ते कॉमिक्स!' थांबा. २००६ मधल्या 'सिव्हिल वॉर' या मालिकेत पीटर पत्रकार परिषदेत स्वतः मुखवटा काढतो. जगाला नाव कळतं, शत्रूंना घर कळतं, आणि त्याच्यावर झाडलेली गोळी मे काकूंना लागते. केवढा मोठा हिशेब उभा केला होता! आणि २००७ च्या 'वन मोअर डे'मध्ये तो मिटवला कसा? मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून. काकू वाचतील, बदल्यात पीटर आणि मेरी जेन यांचं १९८७ चं लग्न कधी झालंच नव्हतं असं होईल. कुणाला काही आठवणार नाही. त्या दोघांनाही नाही! ही तर सरसकट कर्जमाफी. आणि ती दिली कुणी? सिनेमावाल्यांनी नव्हे, खुद्द कॉमिक्सवाल्यांनी!

याच्या शेजारी २०२१ चा 'नो वे होम' ठेवून बघा. इथे पीटर मुखवटा काढत नाही, त्याचं नाव दुसराच कुणी फोडतो. पण पुढे ताकद आणि जबाबदारीचं ते वाक्य मे काकूंच्या तोंडी येतं आणि काकू जातात. शेवटी पीटर जगाला वाचवण्यासाठी स्वतःच मागतो, की सगळ्यांनी मला विसरावं. विसरण्याची युक्ती तीच, पण हिशेब उलटा. तिथे विसरून पीटर सुटला, इथे सगळं लक्षात ठेवून तो एकटा उरला. भाड्याची खोली, शिवणयंत्र आणि हाताने शिवलेला सूट. स्टार्कचा सूट नाही, गॉडफादर नाही. आणि हो, याच सिनेमात गारफिल्डचा पीटर खाली कोसळणाऱ्या एमजेला झेलतो, व्यवस्थित झेलतो. त्याचा चेहरा बघा. सात वर्षांची थकबाकी आहे ती.

आपल्या मुंबईचाही एक स्पायडरमॅन आहे, माहितीये? पवित्र प्रभाकर! २००४ च्या सुमारास शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी तो आणला. कोळी चावत नाही, एका योग्याकडून शक्ती मिळते. बेनकाकांचे भीमकाका झाले, मे काकूंची माया काकू. धोतरावर जाळ्याचं डिझाइन! एवढं सगळं बदललं, पण उधारी? गुंडांच्या तावडीत सापडलेल्या एका बाईला मदत न करता पवित्र निघून जातो, भीमकाका मदतीला धावतात आणि जिवाला मुकतात. वेश बदलला, देश बदलला, बिल तेच राहिलं. म्हणूनच तो स्पायडरमॅन वाटतो.

२०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये हाच पवित्र 'मुंबॅटन'मध्ये मजेत उड्या मारताना दिसतो. तिथे माइल्स मोरालेस त्याच्या मैत्रिणीच्या वडिलांचा जीव वाचवतो आणि सगळे त्याच्यावर उखडतात. का, तर प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात जवळचं माणूस जायलाच हवं, गोष्ट ठरलेली आहे, ती बदलायची नाही! अगदी आमच्या मित्राचा डायलॉग. माइल्स म्हणतो, मला नाही पटत. मलाही नाही. माणूस गेलाच पाहिजे असं थोडंच आहे? पण आपण हलगर्जी केली तर किंमत कुणीतरी मोजतं, हे हिरोला ठाऊक असायला हवं. उधारी म्हणजे तेवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी शेजारचा कुजबुजला की चिडू नका. पॉपकॉर्न पुढे करा आणि फक्त एवढंच विचारा, 'बदललं ते कळलं रे. पण बिल कोणी भरलं?' सिनेमा संपेपर्यंत तो गप्प बसतो. करून बघा!