सच्छिद्र चुना आणि साडेसातशेचा डबा

गेल्या महिन्यात ओपीडीत सातव्या महिन्याची एक गर्भवती आली. हिमोग्लोबिन ८. आमच्याकडून मोफत मिळालेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पिशवीत तशाच शिल्लक आणि सोबत साडेसातशे रुपयांचा डबा. ‘‘नॅनो कॅल्शियम हाय डॉक्टर, बारीक भोकाचं. लगेच अंगी लागतंय म्हणं,’’ सासूबाई म्हणाल्या. डबा विकणाऱ्याने सरकारी गोळ्या बंद करायला सांगितले होते. तिने लोहाच्याही बंद केल्या.

‘सच्छिद्र’ हा शब्द खोटा नाही. डब्यावरही कॅल्शियम कार्बोनेटच लिहिले होते आणि आमची गोळीही त्याचीच. शिंपला, अंड्याचे कवच यांतला हाच पदार्थ. कॅल्शियम क्लोराईड आणि सोडियम कार्बोनेट यांची द्रावणे एकत्र केली की पांढरा साका बसतो. तो तसाच ठेवला तर शेवटी घट्ट, कोनदार स्फटिक होतात. त्यात योग्य पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू, मिसळले की ते वाढत्या कणांना चिकटतात आणि मोठे होऊ देत नाहीत. मग बारीक कण गोळा होऊन काही मायक्रॉनचे गोळे बनतात. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. दाण्यांमधल्या फटी हीच छिद्रे. प्रथिने हेही पॉलिमरच. कोंबडीच्या पोटात अंड्याचे कवच घडताना ती स्फटिकांना असेच वळण लावतात.

या फटींत औषध भरता येते. कार्बोनेट आम्लात विरघळते आणि कर्करोगाच्या गाठीभोवती आम्लता थोडी जास्त असते. तिथेच औषध सुटावे, असे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. अडचण अशी की, हे गोळे बहुधा व्हॅटेराईट प्रकारचे असतात. पाण्यात राहिले की त्यांचे घट्ट कॅल्साईट होते आणि छिद्रे जातात. तरी काम मोलाचे आहे.

पण कॅल्शियमसाठी या छिद्रांचे पैसे का मोजायचे? जठरात कण विरघळला की छिद्रेही संपली. उरते ते साधे कॅल्शियम. ते कुठल्या डब्यातून आले हे आतड्याला कळत नाही. सच्छिद्र कण लवकर विरघळतो हे खरे, पण जेवणानंतर घेतलेल्या गोळीलाही पुरेसा वेळ आणि आम्ल मिळते. शंका असेल तर गोळी व्हिनेगरमध्ये टाका, अधूनमधून ढवळा. अर्ध्या तासात ती फुटून विरायला हवी. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचे (तांबड्या-पांढऱ्याच्या आपल्या गावात असे पुष्कळ!) गणित वेगळे. त्यांना कॅल्शियम सायट्रेट बरे पडते, डॉक्टरांना विचारा.

खरा घोळ वेळेचा असतो. गर्भवतीला १४व्या आठवड्यापासून रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या द्याव्यात, असे केंद्र सरकारचे २०१४चे मार्गदर्शन आहे. त्या जेवणानंतर घ्यायच्या आणि लोहापासून किमान दोन तास दूर, कारण कॅल्शियम लोहाची वाट अडवते. कितीतरी बायका ‘एकदाच संपवू’ म्हणून दोन्ही चहाबरोबर गिळतात. गोळ्या देताना एवढे सांगायला आमच्या खिडकीवर कुणाला वेळ नसतो, हा दोष आमचा.

तिच्या दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू केल्या, वेळा कागदावर लिहून दिल्या. डबा परत घेत नाहीत म्हणे.