दाखला आणि बोनाफाईड

बी.ए. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाकडे अर्ज तपासून घेण्यासाठी आला. अर्ज जुन्या वळणाचा होता. ‘मेहेरबान प्राचार्य साहेब यांच्या सेवेशी’ अशी सुरुवात, मग ‘अर्जदार सदर महाविद्यालयात नियमित हजर असून त्यास बोनाफाईडची नितांत आवश्यकता आहे’ असे निवेदन, आणि शेवटी तारीख व सही. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो वाचला आणि ‘बोनाफाईड’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली. ‘मराठीचे विद्यार्थी तुम्ही, निदान अर्ज तरी शुद्ध मराठीत लिहा,’ असे ते म्हणाले. आम्ही मुलाला एवढेच विचारले, की बोनाफाईड म्हणजे काय? तो म्हणाला, ‘ऑफिसात भेटतंय सर, स्कॉलरशिपला लागतंय.’

आम्हा दोघांनाही त्या लाल रेघेपेक्षा मुलाच्या उत्तराने अधिक अस्वस्थ केले. त्या अर्जात मेहेरबान, साहेब, अर्जदार, सदर, हजर, तारीख, सही हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. त्यांच्याखाली कोणी रेघ ओढली नाही, कारण ते परके आहेत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ‘बोनाफाईड’ऐवजी ‘दाखला’ लिही, असे आम्ही त्याला सुचवले असते, तर तोही त्याच दरवाजाने आलेला शब्द. म्हणजे येथे मराठी शब्दाला इंग्रजी शब्दाने हाकलले असे घडलेले नाही. आधी आलेल्या पाहुण्याला नंतरच्या पाहुण्याने उठवले आहे. तरीही पहिला पाहुणा घरचा झाला आणि दुसरा होत नाही, असे आपल्याला जाणवते. हा भेद कशामुळे पडतो, याचा विचार भाषेच्या शिक्षकांनी करायला हवा असे आम्हांला वाटते.

मराठीने फारसी शब्द कसे पचवले, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. आपले जोडशब्द पाहा. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, रीतिरिवाज. यांत एक शब्द बाहेरून आलेला आणि दुसरा घरातला. नवा शब्द ज्याला कळत नसेल त्याच्यासाठी जुना शब्द दुभाष्यासारखा शेजारी उभा आहे. प्रत्ययांचेही तेच. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय. मराठीने तो ‘भांडण’ला लावून ‘भांडखोर’ केला. ‘दार’ घेऊन ‘चवदार’ केले, ‘गार’ घेऊन ‘कामगार’ केला, ‘गैर’ हा अरबी शब्द पुढे जोडून ‘गैरसमज’ आणि ‘गैरसोय’ घडवले. अर्थही आपल्या सोयीने वळवले. फारसी-उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे उभय पक्षांच्या संमतीचा, तडजोडीचा लेख. मराठीत तो पद सोडण्याचा कागद झाला. उसने घेतलेली वस्तू परत न करण्याच्या बोलीनेच मराठीने हे शब्द घेतले.

या शब्दांविरुद्ध मोहिमाही झाल्या. 1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि दरबारी फारसी संज्ञांना सुमारे चौदाशे संस्कृत पर्याय मिळाले. पुढे पेशव्यांच्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ कोरले गेले, पण लोकांच्या तोंडी ‘पेशवे’ हा फारसी शब्दच राहिला. फडणीस आणि चिटणीसही तसेच राहिले. दुसरीकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रे तपासून दाखवले, की सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पत्रांत असलेला फारसीचा भरणा अठराव्या शतकापर्यंत झपाट्याने ओसरला. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की आम्हांला एक निष्कर्ष दिसतो. कोशाने काही शब्द बदलले, काही बदलले नाहीत; पण राज्याचा व्यवहारच मराठीत आला, तेव्हा भाषा आपोआप सावरली. विसाव्या शतकात माधव जूलियन यांच्यासारख्या फारसीच्या व्यासंगी कवीने 1925 मध्ये फारसी-मराठी कोश रचला आणि 1938 मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीचा पक्षही मांडला. ज्याला परभाषा इतकी जवळून माहीत आहे, त्यालाच शुद्धीविषयी बोलण्याचा अधिकार पोचतो, असे आम्ही नम्रपणे म्हणू. आमचे लाल रेघवाले सहकारी येथे थोडे कमी पडतात, आणि आम्हीही.

आता इंग्रजीकडे येऊ. इंग्रजीचे पहिले शब्द मराठीत आले ते कानावाटे. ‘मास्टर’चा मास्तर झाला, मग मास्तरीण झाली, मास्तरकी झाली. डॉक्टरची डॉक्टरकी झाली. तिकिटाला तिकिटे हे अनेकवचन मिळाले, फाईल स्त्रीलिंगी ठरून तिच्या फायली झाल्या, स्टेशनचे ठेसन झाले. रेल्वेगाडी आणि मोटारगाडी या शब्दांत तर पुन्हा तोच जुना दुभाषा ‘गाडी’ होऊन शेजारी येऊन बसला. इंग्रजीने आपल्याकडून घेतलेल्या शब्दांची गतही हीच. आमच्या शेजारच्या तेलुगूतला ‘पंदिकोक्कु’ इंग्रजीत ‘बँडिकूट’ झाला, तेव्हा कोणी तेलुगू उच्चाराची चौकशी केली नाही. खुद्द ‘बोनाफाईड’ हा इंग्रजीने लॅटिनमधून उचललेला शब्द आहे, त्याचा अर्थ ‘सद्भावनेने’, ‘खऱ्या हेतूने’. इंग्रजीइतकी उसनवारी करणारी भाषा विरळा.

परंतु आजच्या वर्गातले शब्द आम्ही ऐकतो तेव्हा वेगळे काही ऐकू येते. ‘टीचर्स आले’, ‘लेक्चर्स झाली’, ‘फ्रेंड्सना सांगितलं’. शब्दाबरोबर त्याचे इंग्रजी अनेकवचनही आले आहे. त्याला मराठी प्रत्यय लागतो तो इंग्रजी प्रत्ययाच्या वर. मास्तरची मास्तरकी झाली, टीचरचे काहीच झाले नाही. आणि केवायसी, ओटीपी, डीबीटी, केटी, टीसी ही आद्याक्षरे तर कुलूप लावलेल्या पेट्या आहेत. त्या उचलता येतात, दुसऱ्याच्या हाती देता येतात, उघडता मात्र येत नाहीत. आमच्या विद्यार्थ्याला बोनाफाईड कोठे मिळते आणि कशाला लागते हे नेमके ठाऊक होते. त्याच्या आत काय आहे हे जाणून घेण्याची गरज त्याला कोणी भासू दिली नव्हती.

हा प्रश्न शब्दसंग्रहाचा नाही, व्यवहार कोणत्या भाषेत चालतो त्याचा आहे, हे मराठवाड्याइतके दुसऱ्या कोणाला कळायला हवे? हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. उच्च शिक्षण भारतीय भाषेत देण्याचा तो मोठा प्रयोग होता: माध्यम उर्दू, इंग्रजी ही सक्तीची दुसरी भाषा, आणि ग्रंथांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग. इंग्रजीला दुसऱ्या भाषेच्या जागी ठेवूनही आधुनिक ज्ञान देता येते, हे त्या विद्यापीठाने दाखवले, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. जी भाषा दरबाराला आपली होती, ती रयतेला परकी होती. जुनी माणसे सांगत, की कचेरीत जायचे तर आधी अर्ज लिहून देणारा शोधावा लागे. आपल्याच जमिनीचे गाऱ्हाणे दुसऱ्याच्या लेखणीतून मांडायचे, आणि त्याने काय लिहिले ते विश्वासावर सोडायचे.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1964 च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. कचेरीचे दार आपल्या भाषेत उघडले. मागचे दार मात्र त्याच वेळी बंद झाले, हे आमच्या पिढीला उशिरा कळले. 2023 च्या सप्टेंबरात निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आजोबा-पणजोबांचे कागद घरात आणि कचेरीत होते, पण ते वाचून दाखवायला पुन्हा दुसरा माणूस लागला. आरक्षणाच्या प्रश्नावर येथे मत द्यायचे नाही. एखादी भाषा व्यवहारातून गेली की तिच्यासोबत हक्काचे कागदही मुके होतात, एवढेच त्यातून घ्यायचे.

आज तो अर्ज लिहून देणारा परत आला आहे. तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाईन सेवेच्या दुकानासमोर खरीप हंगामात रांगा लागतात. त्या रांगेत बापाबरोबर पदवीधर मुलगाही उभा असतो. अर्जाचा पडदा कधी मराठीत असतो, पण त्यातले निर्णायक शब्द त्याच कुलूपबंद पेट्या असतात. ‘केवायसी झाली नाही’ म्हणून पैसे अडले, एवढे दोघांना कळते. काय झाले नाही, हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. मुलगा पंधरा वर्षे शिकला, त्यातली बहुतेक वर्षे इंग्रजी शिकला, आणि तरीही तो दुकानदाराच्या लेखणीवर अवलंबून आहे.

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आमच्या वर्गातली आजची मुले बारा-चौदा वर्षे इंग्रजी शिकून आमच्याकडे येतात. त्यांना इंग्रजी शब्द पुष्कळ येतात, वाक्य येत नाही. आणि त्याच काळात मराठीतून एकेक व्यवहार निघून चालला आहे. शेजारच्या लातूरचा शैक्षणिक ‘पॅटर्न’ राज्यभर नावाजला. त्या स्पर्धेत उतरलेली खेड्यातली मुलगी दहावीपर्यंत पेशी, केंद्रक, प्रकाशसंश्लेषण शिकते. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की हे सारे शब्द तिला टाकून द्यावे लागतात आणि तीच गोष्ट नव्या नावांनी पहिल्यापासून पाठ करावी लागते. ती हुशार असेल तर तरते. न तरणाऱ्या मुली मग आमच्याकडे कला शाखेत येतात आणि ‘मला सायन्स जमलं नाही’ असे मान खाली घालून सांगतात. तिला विज्ञान जमले नाही की भाषा, हे तिलाही कोणी विचारलेले नसते.

येथे आमच्याही पदरात माप टाकले पाहिजे. भोकर हे तेलंगणाच्या सीमेजवळचे गाव. बाजाराच्या दिवशी येथे मराठी, तेलुगू, दखनी उर्दू आणि बंजाऱ्यांची गोरमाटी एकाच ओट्यावर ऐकू येते. बैलगाडीला येथे बंडी म्हणतात, तो शब्द तेलुगूचा. घरोघरचे तूप आणि अण्णा-अक्का कन्नडशी नाते सांगतात. या मिसळणीने मराठीचे काही बिघडले नाही. पण तांड्यावरून येणाऱ्या मुलाची घरची भाषा गोरमाटी, शाळेची मराठी आणि परीक्षेची धास्ती इंग्रजीची. त्याच्यासाठी मराठीच दुसरी भाषा आहे. त्याने ‘भेटतंय’ लिहिले की आम्ही ‘मिळते’ करून देतो, आणि तसे करताना अनेकदा त्याला लाजही देतो. इंग्रजीने आपल्यावर केलेल्या अन्यायाची तक्रार करताना हे विसरणे बरे नव्हे.

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत होते. फारसी-उर्दू ही सत्तेची भाषा त्यांनी अशी आत्मसात केली, की फारसी साधनांतला मराठ्यांचा इतिहास त्यांनी मराठीत आणला. आदिवासींमध्ये काम करताना गोंडीही अभ्यासली. परक्या भाषेत ते पूर्ण उतरले म्हणून रिकाम्या हाताने परतले नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी नको, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. इंग्रजी त्यांना पुरती यावी, वाक्यासह यावी, आणि मराठीच्या मदतीने यावी. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे हा गुन्हा मानण्याचे दिवस संपले पाहिजेत. मराठीच्या तासाला शब्दांची जन्मकथा शिकवली पाहिजे. मोल्सवर्थचा 1857 चा कोश उघडून ‘अर्ज’ आणि ‘हजर’ या शब्दांपुढची मूळ भाषेची खूण मुलांनाच शोधू द्यावी. आणि 3 ऑक्टोबर 2024 ला मिळालेल्या अभिजात दर्जाचा आनंद मानणाऱ्या आपण सर्वांनी अकरावीचे विज्ञान, पीकविम्याचा अर्ज आणि बँकेचा कागद मराठीत पूर्ण कळेल असा आहे की नाही, याचा आग्रह धरावा. हे व्यवहार मराठीत राहिले, तर शंभर इंग्रजी शब्द आले तरी मराठी त्यांची मास्तरकी करून टाकील. हे व्यवहार गेले, तर एकही परका शब्द नसलेली मराठी घेऊन आपण काय करणार?

त्या विद्यार्थ्याच्या अर्जातला ‘बोनाफाईड’ आम्ही तसाच ठेवला. त्याचा अर्थ मात्र त्याला सांगितला, आणि ‘दाखला’ हा शब्द कोठून आला तेही सांगितले. तो थोडा वेळ अर्जाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे सर, मी खरंच इथे शिकतोय, एवढंच ना त्यात?’ एवढेच. ते खरे ठरवण्याचे काम आमचे आहे.