माळ्यावरच्या बाईचेही ऐका



इंग्रजी अभिजात साहित्यात वसाहतवाद शोधणे म्हणजे साहित्यात राजकारण घुसडणे, असा आपल्या पुरवणीतील लेखाचा सूर होता. बी.ए.च्या वर्गाला मी बरीच वर्षे ‘जेन एअर’ शिकवली. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

शार्लट ब्राँटेची ही कादंबरी १८४७ची. तीत नायक रॉचेस्टरने पहिल्या बायकोला, बर्थाला, वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडले आहे. ती जमैकाच्या मळेवाल्याची मुलगी. तिच्याबरोबर ३०,००० पौंड आले, हा आकडा खुद्द ब्राँटेबाईंचा. तिथले उसाचे मळे गुलामांच्या कष्टावर उभे होते, हा इतिहास आहे. पुढे एक पाद्री हिंदुस्थानात जायला निघतो आणि त्याच्या आग्रहाखातर नायिका जेन हिंदुस्थानी भाषा शिकू लागते. तेव्हा जमैका काय, हिंदुस्थान काय, कुणी बाहेरून आणलेले नाही. ती पाने आपणच घाईने उलटत आलो. मीही उलटली.

बर्था हसते, गुरगुरते, चावते. पण स्वतःची बाजू मांडत नाही. डोमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांनी ती १९६६ साली ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये मांडली. तिथे तिचे खरे नाव आंत्वानेत. ‘बर्था’ हे नवऱ्याने लादलेले. दोन्ही पुस्तके मी एका वर्षी लागोपाठ वाचून घेतली. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या आईचंही नाव तांदळात लिहून बदललं होतं.” त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

लेखकमहाशयांना भीती वाटते की, असे प्रश्न विचारले तर थोर साहित्य लहान होईल. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भीष्मालाही धारेवर धरले. महाभारत लहान झाले का? नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९६८ साली लेखक न्गुगी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करा म्हटले, तेव्हाही केंद्रस्थानी आफ्रिका असावी एवढेच मागणे होते. इंग्रजी पुस्तके जाळायची नव्हती.

अभ्यास मंडळांना विनंती एवढीच : ‘जेन एअर’ काढू नका, तिच्याशेजारी ऱ्हीसबाईंचे पुस्तक लावा. ते इतके लहान आहे की, वेळ नाही ही सबब चालणार नाही.

— एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा