गोड गोळ्या चालतील, पण पंप बंद नको!

राजूर (जि. जालना) येथील एक भगिनी लिहितात: ‘माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला बाळदमा आहे. मुलांच्या डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप दिला. त्याने वर्षभर चांगले गेले. पण पंपाची सवय लागते, असे शेजारणी म्हणतात. सासूबाईंच्या ओळखीच्या एका होमिओपॅथी डॉक्टरांनी गोळ्यांच्या तीन बाटल्या दिल्या. पंप बंद करा, नाहीतर गोळ्या लागू पडणार नाहीत, असेही सांगितले. बाटल्यांवर नाव नाही, नुसते 1, 2, 3 आकडे आहेत. सासूबाईंना नाही म्हणवत नाही, आणि रात्री मुलीचा श्वास ऐकत मी जागी असते. काय करू?’

ताई, आधी पंप. बाकीचे सगळे मागून. बंद केला असेल तर डॉक्टरांनी सांगितला होता तसा आजच पुन्हा सुरू करा आणि एक-दोन दिवसांत मुलीला त्यांना दाखवून आणा.

बाळदम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. रोजच्या पंपातले औषध ती सूज दाबून ठेवते. ते थेट छातीत जाते, म्हणून मात्रा अगदी थोडी पुरते. त्याचे व्यसन लागत नाही. बंद केल्यावर त्रास होतो, तो सूज परत आल्यामुळे. चष्मा काढला की अंधुक दिसते, म्हणून चष्म्याचे व्यसन लागले असे कुणी म्हणते का? मात्रा कमी करता येते, पण ती डॉक्टरांनी तपासून, हळूहळू.

आता गोड गोळ्यांकडे वळू. होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युएल हानेमान (1755–1843) हे जर्मनीतले. त्यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ 1810 साली निघाला. त्यात वैद्याला घालून दिलेले नियम चांगले कडक आहेत. रोग्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. एका वेळी एकच औषध द्यावे, तेही कमीत कमी. मग काय फरक पडला ते पाहून पुढचे ठरवावे. हानेमान त्या काळच्या उपचारांच्या विरोधात होते, हे खरे. पण तेव्हा डॉक्टर शिरा कापून रक्त काढत आणि पारा पाजत! आजच्या दम्याच्या पंपाला तोच न्याय लावून कसे चालेल?

आपल्या मुंबईचे डॉ. एम. एल. ढवळे यांनी याच शिस्तीचा आग्रह धरला. 1967 साली त्यांनी होमिओपॅथीच्या तत्त्वांवर आणि व्यवहारावर ग्रंथ लिहिला. प्रत्येक रोग्याची नोंद ठराविक पद्धतीने, बारकाईने ठेवायची, म्हणजे औषधाचा उपयोग झाला की नाही हे दुसऱ्यालाही तपासता येते, अशी त्यांची शिकवण. नोंदच नाही तर तपासणार काय?

म्हणून अशा डॉक्टरांकडे जाताना या गोष्टी पाहाव्यात:

डॉक्टरांची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. बी. एच. एम. एस. ही पदवी साडेपाच वर्षांची असते. चार पुस्तके वाचून बाटल्या देणारा डॉक्टर नव्हे.

औषधाचे नाव आणि शक्ती चिठ्ठीवर लिहून मिळते का? दुकानातल्या सीलबंद बाटलीवर नाव, शक्ती, कारखाना आणि बॅच नंबर छापावा लागतो. मग मुलीच्या पोटात जाणाऱ्या गोळीचे नाव आईला नको का कळायला? उद्या रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागला, तर तिथले डॉक्टर पहिले हेच विचारतील. शिवाय नाव नसलेल्या पुडीत आणखी काही मिसळलेले असले, तर ते कळायचे कसे?

चालू औषध बंद करा, असे ते सांगतात का? दमा, मधुमेह, रक्तदाब, फिट्स, थायरॉईड यांचे औषध असे कुणी बंद करायला सांगितले, तर तिथून सरळ उठावे.

आता मुख्य प्रश्न: गोळ्यांनी दमा बरा होतो का? औषधाच्या नावापुढे 30 आकडा असतो ना, त्याचा अर्थ असा, की एक थेंब औषध 99 थेंबांत मिसळायचे, त्यातला एक थेंब पुन्हा 99 थेंबांत, असे तीस वेळा. बारा वेळा झाल्यावरच मूळ औषधाचा कणही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. तरी गुण येत असेल तर परीक्षा घ्यावी, हे न्यायाचे.

पण परीक्षा म्हणजे काय? 2020 च्या करोनात ‘आर्सेनिकम अल्बम 30’ च्या गोळ्या महाराष्ट्रात गावोगाव वाटल्या गेल्या. ज्यांनी घेतल्या आणि ज्यांना आजार झाला नाही, ते म्हणतात, गोळ्यांनी वाचलो. पण न घेताही कितीतरी जण वाचलेच की! म्हणून दोन गट लागतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी कोरी. कुणाला कोणती, हे आईलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही.

इंग्लंडमध्ये दमा असलेल्या 96 मुलांची अशी परीक्षा झाली. अनुभवी होमिओपॅथांनी प्रत्येक मुलाला तपासून वेगळे औषध निवडले, आणि मुलांची नेहमीची औषधेही चालू ठेवली. 2003 साली निकाल छापून आला: कोऱ्या गोळ्यांपेक्षा खऱ्या गोळ्या सरस ठरल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेने 2015 साली शेकडो अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा कोणत्याच आजारात नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

तेव्हा घरच्यांच्या समाधानासाठी नोंदणी असलेल्या डॉक्टरांच्या, नाव लिहिलेल्या गोळ्या द्यायच्याच असतील, तर मुलीच्या डॉक्टरांना सांगून द्या. पण त्यांच्या भरवशावर मुलीचा श्वास सोडू नका.

ही लक्षणे दिसली तर एक क्षणही थांबू नये: श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, एक वाक्यही धड बोलता न येणे, ओठ निळसर होणे, पोर मलूल पडणे, तात्पुरत्या आरामाचा पंप देऊनही धाप न थांबणे. 108 ला फोन करा आणि मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठा. तो आरामाचा पंप पिशवीत कायम असू द्या. अंगारकीला राजुरेश्वराला केवढी गर्दी लोटते! धूळ, धूर, धूप यांनी दमा उसळतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचाही जीव नातीसाठीच तुटतो आहे. पुढच्या खेपेला मुलांच्या डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत न्या आणि पंपाबद्दल जे विचारायचे ते त्यांनाच विचारू द्या. आणि घरात एक वही घाला. रात्री खोकला किती, आरामाचा पंप किती वेळा लागला, शाळा किती दिवस बुडाली, हे रोज लिहा. महिन्याने ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. कशाने गुण आला, ते वहीवरूनच बोलता येईल.